दुसरी हाक

आधीच सांगून ठेवतो, ह्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. उंबरेश्वराच्या डोंगराला फेरी मारताना माझ्यामागं एक मेलेला माणूस लागला होता, आणि तो माझ्यापेक्षा जोरात पळत होता.

एवढं म्हटलं की लोक हसतात. निनादही हसला. निनाद म्हणजे गोदावहिनींचा नातजावई, पुण्याचा, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ बांधणारा. सकाळीच त्या फेरीवर पळून आला होता आणि आता वहिनींच्या ओटीवर पाय ताणून बसला होता.

"मस्त ट्रेल आहे आजोबा," तो म्हणाला. "फार अवघड नाही. मॉडरेट."

"वहिनी, ऐकलंत? मॉडरेट म्हणतोय."

वहिनी सुपात पावटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगा आता. सांगितल्याशिवाय तुमचा चहा खाली उतरायचा नाही. फक्त बिबट्या आणू नका मधे."

"बिबट्या होता."

"कदमांचा कुत्रा होता तो."

बरं, कुत्रा तर कुत्रा. बिबट्या गाळून सांगतो. त्याच्यावाचून काही अडत नाही, कारण त्या दिवशी मी ज्याला भ्यालो त्याला शेपूट नव्हती.

आमचा उंबरेश्वर म्हणजे उपड्या परातीसारखा वाटोळा डोंगर. माथ्यावर महादेव. जंगलखात्यानं त्याचं उद्यान केलं, कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि डोंगराच्या कमरेभोवती एक वाट काढली. फाटकातून निघायचं, डोंगर डाव्या… नाही, उजव्या हाताला ठेवायचा, आणि गरागरा फिरून परत त्याच फाटकाशी यायचं. तिथं पाटी होती : 'वर्तुळ वाट. श्रेणी : मध्यम.'

"मध्यम म्हणजे कुणाच्या मानानं?" पोपटनं विचारलं होतं.

पोपट म्हणजे पोपटराव फडतरे, ह्या वहिनींचे यजमान, आणि पहिलीपासून माझ्या शेजारी पाटी घेऊन बसलेला माझा दोस्त. त्या साली त्याला हृदयाचा झटका येऊन गेला होता. साताऱ्याला नेऊन जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, आता पडून राहू नका, चाला, झेपेल तसं हळूहळू पळा. घरच्यांनी पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट आणले. पण पोपट पळेना. खिडकीशी बसून राही. मी गेलो की म्हणे, "जग्या, माझा डाव संपलाय. पंचानं शिट्टी वाजवायची राहिलीय म्हणून मैदानात उभा आहे." हे वाक्य मला आवडायचं नाही. वहिनींना तर त्याहून नाही. त्या स्वयंपाकघरातून भांडं आदळायच्या.

मग मीच एक दिवस म्हटलं, चल, उंबरेश्वराला फेरी मारू. मी तेव्हा एस.टी.तून नुकताच रिटायर झालेलो. गाडी मी आयुष्यभर पळवली, स्वतः कधी पळालो नव्हतो. पण पोपटला म्हटलं, शाळेत मी पहिला यायचो.

"शेवटून," पोपट म्हणाला. आणि उठला. झटक्यानंतर त्यानं मला मारलेला तो पहिला टोमणा. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला.

भाद्रपदातली सकाळ होती. फाटकाशी आलो तर धुकं असं, की कोयत्यानं कापून त्याच्या पेंढ्या बांधाव्यात. वहिनी थर्मास घेऊन बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "भावजी, माणूस तुमच्या हवाली करतेय. जसा नेताय तसा आणून द्या."

"तसाच कशाला? गरम करून आणून देतो."

"चेष्टा नको. आणि धुक्यात एका हाकेला वळू नका."

निनादला हे सांगावं लागलं, म्हणून तुम्हालाही सांगतो. आमच्या गावात एका हाकेला कुणी ओ देत नाही. भूत एकदाच हाक मारतं, दुसरी मारायची त्याला मुभा नाही. जो पुन्हा हाक मारतो तो माणूस. त्यामुळं आमच्याकडं दाराशी आलेला माणूस, मग तो पोस्टमन का असेना, दोनदा ओरडणार : "फडतरे! ओ फडतरे!" मधे श्वास घेण्यापुरती जागा सोडणार. आत बसलेला दुसऱ्या हाकेला उठणार. माझी एक आत्या पहिल्या हाकेला वळली होती. तिचं पुढं काय झालं ते आमच्या घरात बोलत नसत, म्हणून ते मला फार नीट माहीत होतं.

तर निघालो. पोपट हळू, मी त्याहून हळू, पण तोंडानं जोरात. "छाती पुढं! गुडघे वर!" पोपट हसत होता. गळ्यात गोळ्यांची पिशवी, डोक्याला पंचा. वाट ओली, दोन्ही बाजूंना कारवी, डाव्या हाताला दरी असावी असा नुसता अंदाज. घाटातलं धुकं मला नवं नव्हतं, पण ते काचेच्या आत बसून पाहिलेलं. काचेबाहेरचं धुकं वेगळं असतं. त्याला वास असतो आणि ते कानात शिरतं. आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो.

बऱ्याच वेळानं ओहोळ लागला. आम्ही त्याला तीर्थ म्हणतो. वर पिंडीवर घातलेलं पाणी गोमुखातून पडतं आणि डोंगर उतरत वाटेला आडवं जातं. हातभर रुंद धार, पण तिथून पुढं घळ आहे, खोल. काठाला एक देवळी, तीत भस्म ठेवलेलं असतं. पोपट थांबला.

"दम लागला?"

"नाही रे. तू हो पुढं. मी येतो."

मी उडी मारली. पोपटला दाखवावं म्हणून जरा उंचच मारली, आणि निघालो.

मागं वळून पाहिलं नाही, हे माझं चुकलं म्हणा. एका वळणावर थांबलो. त्याच्या बुटांचा आवाज यायला हवा होता. नव्या कॅनव्हासचा ओल्या वाटेवर चपक चपक आवाज येतो. येईना. झाडांवरून थेंब गळत होते तेवढेच. मी हाक मारली, आपल्या रीतीनं दोनदा. "पोपट! ए पोपट!" उत्तर नाही. मग मागच्या बाजूला, खाली घळीत, दगड घरंगळला. एकामागून एक, आणि शेवटी कुणीतरी किंचाळल्यासारखा आवाज.

"वानर असणार," निनाद म्हणाला.

"बाबा रे, ओटीवर बसून ते वानर असतं. तिथं तो पोपट होता."

मी उलटा धावलो. ओहोळाशी आलो. पोपट नव्हता. त्याचे बूट होते.

दोन्ही बूट शेजारी शेजारी, टाचा जुळवून, धारेच्या काठावर ठेवलेले. मोजे आत नीट खोचलेले. टोकं घळीकडं.

वहिनींनी सोललेली शेंग सुपात टाकली आणि दुसरी उचलली. त्यांचे हात थांबले नव्हते. पण निनाद हसायचा बंद झाला होता.

आमच्या गावात मोठी विहीर होती. तिच्या काठावर अशा जोडून ठेवलेल्या चपला मी लहानपणी पाहिल्या होत्या. पाय घसरून पडणारा माणूस चपला जोडून ठेवत नाही. मला ते खिडकीशी बसणं आठवलं, पंचाची शिट्टी आठवली. 'तू हो पुढं' म्हणताना त्याचा चेहरा कसा होता ते आठवायला लागलो, तर चेहराच आठवेना.

मी घळीत उतरलो. उतरलो कसला, कारवी धरून धरून घसरलो. गुडघे सोलले, सदरा फाटला. खाली काहीतरी पांढरं दिसलं. जवळ गेलो तर दगड, शेवाळ गेलेला. आणखी खाली जावं तर पाय ठरेना. तिथं लोंबकळत मी किती वेळ ओरडत होतो कुणास ठाऊक. दोनदा, दोनदा, प्रत्येक वेळी दोनदा. शेवटी घसा बसला.

वर आलो. बूट उचलले. आता फाटकाशी जाऊन माणसं आणायला हवी होती, आणि पुढची बाजू जवळची होती. निघालो. पळता पळता वहिनींना काय सांगायचं ते जुळवत होतो. "वहिनी, पोपट..." ह्याच्यापुढं वाक्य जाईना. अख्ख्या तालुक्यात मी थापाड्या म्हणून ओळखला जातो. एकदा डेपोत पगारवाढीची थाप मारली, तर पेढे वाटले होते लोकांनी. त्या माणसाला त्या दिवशी एक वाक्य सुचत नव्हतं. वहिनी बाकावर थर्मास घेऊन बसल्या असतील. मी एकटा येताना दिसेन, हातात बूट. वाक्याची गरजच पडणार नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

आणि तेवढ्यात पुढून कोणीतरी आलं.

नीट ऐका. मागून नाही. पुढून. पोपट माझ्या मागं राहिला होता, घळीत, धुक्याखाली. ही वाट वर्तुळ, आम्ही दोघं एकाच दिशेनं निघालेले. पुढून येणारा पोपट असूच शकत नव्हता.

पहिल्यांदा नुसतं पांढुरकं काहीतरी हललं. मग माणसाएवढं झालं. पळत येत होतं, पण पावलांचा आवाज नव्हता. अजिबात नाही. डोक्याला पांढरं गुंडाळलेलं. चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरा, राखेनं माखलेला, आणि त्या राखेतून ओघळ आलेले. अनवाणी. आणि तो चेहरा पोपटचा होता.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या बुटांकडं पाहिलं. आणि हसला. हात पुढं केला.

बूट मागत होता.

"मी असतो तर..." निनाद म्हणाला आणि थांबला.

"तू असतास तर तुझं घड्याळ फुटलं असतं."

मी बूट फेकले. किंचाळलो की नाही ते सांगता येत नाही, घसा बसला होता. वळलो आणि पळालो. ज्या बाजूनं आलो त्याच बाजूला, घळीकडं. शाळेत पहिला यायचो म्हणालो ना, ते खोटं असेल, पण त्या दिवशी मी माझ्या सावलीला मागं टाकलं. पाखरं वाटेतून बाजूला होत होती. आणि माझ्यामागं तो येत होता. आता आवाज येत होता, उघड्या तळव्यांचा, ओल्या मातीवर. थप, थप, थप. जवळ येत होता. मेल्यावर जाळी काढून घेत असतील, त्याशिवाय एवढा पळेल कसा, असलं काहीबाही डोक्यात येत होतं. मी रामरक्षा सुरू केली आणि पहिल्याच ओळीनंतर विसरलो.

मग तळव्यांचा आवाज थांबला.

आणि हाक आली.

"जग्या!"

पोपटचाच आवाज. पण फाटलेला, खोल, विहिरीतून आल्यासारखा.

इथं मी नेहमी चहाचा घोट घेतो. निनादनं कप माझ्या हातात दिला.

"वळलात?"

"वेडा आहेस? एका हाकेला? मी नियमाचा पक्का माणूस. आत्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी पळतच राहिलो. पळता पळता कान मागं. म्हटलं, भूत असेल तर आता गप बसेल. आणि मग दुसरी हाक आली. 'जग्या, अरे थांब!' अशी. तेव्हा म्हटलं, माणूस आहे! आपला पोपट आहे! मग वळलो."

धुक्यातून मागं गेलो तर पोपट वाटेवर बसलेला. पाठ दरडीला, हात छातीवर. राखेखालचा रंग राखेपेक्षा वाईट. ओठ हलत होते, आवाज नव्हता. गळ्यातली पिशवी त्यानं धरली होती, पण बोटांना ती उघडत नव्हती. मी उघडली. गोळी खाली पडली, चिखलात. दुसरी काढली. जिभेखाली ठेवली. त्याचा हात हातात घेतला. भुताचा हात थंड असतो म्हणतात. तोही थंडच होता. मी तो सोडला नाही.

बऱ्याच वेळानं त्याला शब्द फुटला. पहिला शब्द कुठला असेल? "बूट."

"काय?"

"नवे आहेत. घे."

मी बूट हुडकले, ते त्याच्या गळ्यात अडकवले, आणि त्याला पाठीवर घेतलं. डोंगराला वळसा घालून फाटकाशी आणलं. वहिनींच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, घ्या, जसा नेला तसा.

"पाठीवर!" वहिनी म्हणाल्या. "एकमेकांच्या गळ्यात पडून लंगडत आलात दोघं. कोण कुणाला आणतंय तेच कळत नव्हतं. जंगलखात्याच्या जीपमध्ये दोघांनाही घालावं लागलं."

"पण ते पुढून कसे आले?" निनादनं विचारलं. "ते कळलं नाही मला."

"तुला नाही कळायचं. तू वर्तुळाकार पळणारा." मी वहिनींकडं बोट केलं. "ह्यांना विचार."

"अरे, महादेव आहे ना तो," वहिनी म्हणाल्या. "महादेवाला पुरती प्रदक्षिणा घालतात का कधी? तीर्थाची धार ओलांडायची नसते. धारेपर्यंत जायचं, आल्या पावली फिरायचं, दुसऱ्या अंगानं पुन्हा धारेपर्यंत यायचं. ह्यांनी तेच केलं. तीर्थापाशी बूट काढले, भस्म लावलं आणि फिरले. फाटकाशी माझ्यासमोरून गेले की. मी म्हटलं, पाय का उघडे? तर म्हणाले, देवाची फेरी आहे, बूट तिकडं आहेत, जग्या समोरून लागेलच. चांगले हसत होते. मी घोटभर चहासुद्धा दिला."

"म्हणजे आजोबा, तुम्ही तिकडं घळीत..."

"हो. आणि हे इकडं चहा घेत होते. ह्यांना वाटलं, ही काय सांगायची गोष्ट आहे? जग्याला माहीत असणारच."

मला माहीत होतंच. देवळात मी कधी धार ओलांडलेली नाही. पण मी त्या वाटेला व्यायाम समजलो होतो आणि पोपटनं ती प्रदक्षिणा मानली होती. खिडकीतून उठून आला होता तो देवाला काहीतरी मागायला. आयुष्य मागितलं असणार, दुसरं काय मागणार? आणि ते मागून परत येत असताना मी त्याला पाहून पळालो, नि तो मला थांबवायला धावला. डॉक्टर म्हणाले, गोळी आणखी थोडी उशिरा मिळाली असती तर जाळीचा काही उपयोग नव्हता.

त्यानंतर पोपट पुष्कळ जगला. आम्ही दर सोमवारी जायचो, धारेपर्यंत जाऊन फिरायचो. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यांना पुरी फेरी झेपत नाही. त्याचे बूट फाटून तिसरे आले, चौथे आले. गेल्या वर्षी तो झोपेतच गेला. खिडकीशी नाही, चांगला पलंगावर, आदल्या दिवशी मला शिव्या घालून.

निनाद घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत होता. मग म्हणाला, "आजोबा, एक विचारू? त्यांनी दुसरी हाक मारली नसती तर?"

"तर काय?"

"तर तुम्ही थांबला नसता?"

"नसतो थांबलो," मी म्हटलं. "सांगितलं ना, नियमाचा पक्का माणूस. भुताच्या हाकेला कोण वळेल? दुसरी हाक आली म्हणून वाचला पोपट."

मी कप खाली ठेवला. शेंगा सोलायचा आवाज थांबला होता. वहिनींनी सूप बाजूला सारलं होतं आणि त्या माझ्याकडं बघत होत्या. ही गोष्ट त्यांनी ह्याच ओटीवर किती वेळा ऐकली असेल. बिबट्याचा कुत्रा केला, पोपटला माझ्या पाठीवरून खाली उतरवलं, पण इथं त्या कधी मधे बोलल्या नव्हत्या.

"भावजी, हे खोटं आहे."

"कुठलं? पाखरं बाजूला झाली ते?"

"दुसरी हाक," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी दुसरी हाक मारलीच नव्हती. मारायला छातीत दम कुठं होता? एकच मारली, आणि खाली बसले, आणि म्हणाले मनात, संपलं, आता जग्या काही वळत नाही. शेवटपर्यंत सांगायचे मला. 'गोदे, त्याला मी मेलेलाच दिसत होतो. तरी पहिल्या हाकेला वळला गं तो.'"